उजवा कौल

समाजकार्य ही कॉलेजात जाऊन शिकायची गोष्ट आहे, हे माझ्या वडिलांना शेवटपर्यंत पटलं नाही. अण्णा रत्नागिरीच्या कोर्टात कारकून होते आणि घरातसुद्धा साक्षीदाराशी बोलल्यासारखे बोलत. मुंबईहून पहिल्या सुट्टीला मी घरी आलो तेव्हा परसात फणस फोडता फोडता त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. "म्हणजे नक्की शिकवतात काय?" मी म्हटलं, लोकांशी कसं बोलावं, त्यांच्या गरजा कशा ओळखाव्यात. "आणि याची परीक्षा असते?" असते. "त्यात नापास होतात?" होतात कधीकधी. अण्णांनी तेल लावलेल्या बोटांनी एक गरा सोडवला आणि माझ्या तोंडासमोर धरला. "खा. तुझी गरज ओळखली. आता मला डिग्री दे." आत आई कुळथाचं पिठलं ढवळत होती. तिचा डाव थांबला आणि हसणं ऐकू आलं. त्याच क्षणी मी ठरवलं, की या माणसाला एक दिवस काहीतरी मोठं करून दाखवायचं. पुढे वर्गात आमच्या कर्णिकबाईंनी विचारलं, "तुम्ही या क्षेत्राकडे का वळलात?" तेव्हा मी उभा राहून 'सामाजिक विषमतेची चीड' असं उत्तर दिलं. ते सगळ्यांना आवडलं. मलाही आवडलं. इतकं, की काही दिवसांनी मला ते खरंच वाटायला लागलं.

कर्णिकबाई आम्हाला समुदाय संघटन शिकवत. खादीची साडी, बारीक आवाज, आणि एकच सांगणं: गावाला काय हवं ते गावाला विचारा. मी ते लिहून घेतलं होतं, खाली रेघ मारली होती आणि परीक्षेत त्यावर चांगले गुणही मिळवले होते. शेवटच्या वर्षी प्रत्यक्ष कामासाठी बाईंनी मला माझ्याच जिल्ह्यात धाडलं. म्हणाल्या, "तुम्हाला भाषा येते, माणसं कळतील." भाषा येत होती. सुरुवातीला दाभोळला होतो. तिथे मासळी विकणाऱ्या बायकांची सभा मी नेमकी होड्या बंदराला लागायच्या वेळेला ठेवली. सभेला एक मांजर आलं होतं. होड्या दिसल्यावर तेही उठून गेलं. मग मोहल्ल्यात रोज्याच्या दिवसांत, भर दुपारी, मुलांबरोबर मोठ्यांनाही बिस्किटांचे पुडे वाटायला गेलो. एका चाचांनी पुडे ठेवून घेतले आणि म्हणाले, "मगरिबनंतर, रोजा सोडताना खाऊ. तू पण ये." गेलो आणि पोटाला तडस लागेपर्यंत जेवून आलो. या फजित्या मी अजून लग्नाकार्यांत रंगवून सांगतो, लोक हसतात. त्यांत कुणाचं काही गेलं नव्हतं. पुढची मी लग्नाकार्यांत सांगत नाही.

दाभोळहून मला सावर्ड्याच्या आतल्या एका गावात पाठवलं. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत. वर कुणबी घरं, खाली उतारावर बौद्धवाडी, मध्ये जांभ्या दगडाचा कातळ आणि त्यातून पायांनी गुळगुळीत झालेली घाटी, वाडीतून तशीच खाली भातखाचरांपर्यंत गेलेली. मी राहायला तात्यांच्या घरी होतो. तात्या म्हणजे गावचे मानकरी, देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. मुलगा मुंबईत नोकरीला, घरात तात्या आणि सून सुनंदावहिनी. माझं अंथरूण पडवीत असे. पहाटे गोठ्यातल्या घंटा, मग वहिनींची केरसुणी, मग चुलीत फुंकणीचा आवाज, मग तात्यांचं खाकरणं, आणि या सगळ्यावर कुठूनतरी काजूच्या झाडांत भांडणारे माकडांचे कळप. उठलो की उकड्या तांदळाची पेज आणि खारातली कैरी. रात्री तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, इतकी तिखट की मी डोळे पुसत जेवायचो आणि तात्या म्हणायचे, "समाज रडतोय बग." तिथे माझं नावच 'समाज' पडलं होतं. "ओ समाज, जेवलाव काय?" "समाज, बॅटरी घेऊन जावा, वाटेत जनावर असतंय." सगळा समाज एका हाडकुळ्या पोरात मावत होता.

दुपारी मी बौद्धवाडीत असे आणि शेवंताकाकीकडे जेवत असे. काकी लहानखुरी, काटक, आणि बोलायला फटकळ. नवरा वारलेला. मुलगा विलास माझ्याच वयाचा, मुंबईची नोकरी सुटल्यामुळे परत आलेला आणि त्यामुळे सगळ्या जगावर रागावलेला. काकीचं कुळथाचं कळण मला आईच्या पिठल्याहून आवडायचं. हे मी आईला सांगितलं नाही. काकीकडे जेवायला लागल्यानंतर थोड्याच दिवसांत तात्यांच्या घरी माझ्यासाठी वेगळा तांब्या आणि वेगळं ताट आलं. तांब्या पडवीतल्या कोनाड्यात ठेवलेला असे आणि तो मीच घासावा असं वहिनी लाजत लाजत म्हणाल्या. मी फार सुखावलो. घरी पत्र लिहिलं, की इथे मला मानानं वागवतात, भांडीसुद्धा स्वतंत्र दिली आहेत. अण्णांनी उत्तर धाडलं त्यात त्यावर एक शब्द नव्हता. कोर्टात आयुष्य गेलेला माणूस. त्यांना वाचताक्षणी कळलं असणार.

आता पाण्याचं. बौद्धवाडीची विहीर अगदी खाली, भातखाचरांच्या काठाला होती. होळीनंतर तळाला गढूळ पाणी राहायचं, तेही पाझरायची वाट बघत बसावं लागे. बायका डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन ती घाटी चढायच्या. उलट वर, तात्यांच्या काजूच्या बागेत, बारमाही झरा होता. तिथून नळ टाकला तर उतारानं पाणी आपोआप वाडीत येणार, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. मी गावाला काय हवं ते विचारत फिरलो तेव्हा बौद्धवाडीतल्या प्रत्येक दारात एकच उत्तर मिळालं: पाणी. पण गंमत अशी, की ते काम जवळपास झालेलंच होतं. लावणीच्या दिवसांत तात्यांच्या शेतात राबताना, बांधावर बसून भाकरी खाताना, काकीनं तात्यांना गाठलं होतं. थोडी चेष्टा, थोडी विनवणी, थोडी जुन्या ओळखीची शपथ, असं करत वर्षभर तिनं ते लावून धरलं आणि शेवटी तात्या म्हणाले, "शिमगा झाला की टाका नळ माज्या बागेतनं. पन बोभाटा नको." वाडीतल्या मुंबईकरांनी पाईपसुद्धा घेऊन ठेवले होते. ते काकीच्या मांगरात, शेतावरच्या खोपटात, गवताखाली झाकून होते. तिनं मला ते दाखवले तेव्हा तिचा चेहरा लपवलेला दागिना दाखवावा तसा झाला होता.

म्हणजे माझ्यासाठी काही उरलंच नव्हतं. एक बाई बांधावर बसून भाकरी खाता खाता जे करून आली, त्यावर मी अहवाल काय लिहिणार? मला एकात्मता हवी होती. मला असं काही हवं होतं, की कर्णिकबाईंचा बारीक आवाज भरून येईल आणि अण्णांच्या हातातला गरा खाली पडेल. आणि ते मला सापडलं. शिमग्याला देवीची पालखी गावात घरोघर फिरते. प्रत्येक दारात थांबते, बायका ओटी भरतात, पोरं पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात. ती बौद्धवाडीत मात्र जात नाही. कातळापर्यंत येते आणि वळते. मी ठरवलं, यंदा ती वळायची नाही.

मी किती राबलो म्हणून सांगू! देवळात बसलो, पारावर बसलो, शिमग्याला आलेल्या मुंबईकरांना सिगारेटी पाजल्या. माणुसकीवर बोललो, संतांवर बोललो. म्हातारे ऐकून घेत आणि पानाला चुना लावत. शेवटी तात्या म्हणाले, "आमच्या हातात काय हाय? देवीला इचारू." देवीला विचारणं म्हणजे कौल लावणं. मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या कळ्या पाण्यानं चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवानं कळ्या लावल्या. देवळात श्वास ऐकू येत होते. उजवी पडली. तात्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले आणि सगळा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा." मी नास्तिक, पण त्या दिवशी मूर्तीसमोर इतका वाकलो की खिशातलं पेन गाभाऱ्यात पडलं.

राहिलं काय? राहिली एक बारीकशी गोष्ट. पालखीच्या आदल्या दिवशी मी उड्या मारत काकीकडे गेलो. ती अंगणात सुकट निवडत होती.

"काकी, उद्या पालखी येणार तुमच्या वाडीत!"

"कुनाची?"

"देवीची!"

"वाट चुकली काय?"

"मी आणतोय. कौल लागला. उजवा!"

काकीनं सूप खाली ठेवलं. "देवीला इचारलंस," ती म्हणाली. "आमाला इचारलंस?"

मी हसलो. ती थट्टा करतेय असं मला वाटलं. ती नेहमीच करायची. मग दारातून विलास बाहेर आला आणि त्याचा चेहरा बघून माझं हसू गेलं. काकीनं त्याला हातानंच थांबवलं.

"माजा सासरा त्या पालखीच्या पुढं ढोल वाजवायचा," ती म्हणाली. "पालखी वरच्या अंगनात, आन् तो बांधाच्या खाली. नारळ लांबनं फेकायचे त्याच्याकडं. दीक्षा घेतलान् त्या साली ढोल नेऊन देवळाच्या पायरीवर ठेवलान् आन् सांगितलान्, आता तुमचा तुमी वाजवा. गावानं त्या साली आमाला शेतावर उभं केला नाय. कंद उकडून खाल्ले घरातल्यांनी. पन ढोल उचललान् नाय. आन् तू ती पालखी माज्या दारात आनतंस? मान म्हनून?"

"काकी, मला माहीत नव्हतं."

"इचारलं असतंस तर सांगितला असता."

मी घाटी चढून तात्यांकडे धावलो. ते पडवीत पागोटं इस्त्री केल्यासारखं हातानं सारखं करत बसले होते. मी म्हटलं, तात्या, त्यांना नकोय. "समाज," ते म्हणाले, "कौल तूच मागितलास ना? देवी व्हय म्हनली. आता नाय म्हननारा मी कोन?"

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना पालखी कातळावरून खाली उतरली. ढोल, ताशे, सनई. वर ऊन आणि खाली लाल धुरळा. पोरं नाचत होती, पण वाडीच्या तोंडाशी आल्यावर त्यांचे पाय आपोआप मंदावले. विलासचं आणि त्याच्या मित्रांचं म्हणणं होतं दारं लावून बसायचं. काकीनं ते चालू दिलं नाही. "दारं कशाला लावायची? चोर हाव काय आपन?" सगळी वाडी अंगणात उभी होती, धुतलेल्या कपड्यांत. कुणी ओटी भरायला पुढे आलं नाही. ढोल वाजत राहिला आणि मग एकेक हात थांबत गेला. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं, सगळ्या गावाचं, वाडीचं, गुराढोरांचं बरं कर म्हणून. 'व्हय म्हाराजा' फक्त त्यांच्याच माणसांनी म्हटलं. मग काकी पुढे झाली. तिनं हात जोडले.

"देवीला आमचा नमस्कार. ती तुमची, तुमी जपा तिला. पन तुमी उन्हातनं आलाव. च्या घेवा."

आणि मला दिसलं, की पडवीत फळीवर कप मांडलेले आहेत. वाडीतल्या सगळ्या घरांतून गोळा केलेले. कुठला दांडी गेलेला, कुठला नक्षीचा, काही स्टीलचे पेले. सगळे भरलेले, वाफाळणारे. खालच्या विहिरीवर पाणी पाझरायची वाट बघत बसून, घाटी चढून आणलेल्या पाण्याचा चहा. कुणी हललं नाही. मी आयुष्यात पुष्कळ सभा घेतल्या, इतकी शांत सभा घेतली नाही. देवीला वाडीत आणायला त्यांची तयारी होती. देवीनं सांगितलं होतं. चहाबद्दल देवीला कुणी विचारलंच नव्हतं.

तात्यांनी एक पाऊल टाकलं. हे मी शपथेवर सांगेन. त्यांचा हात खांद्यावरच्या उपरण्यावरून निघाला आणि थोडा पुढे आला. बांधावर त्यांनी काकीच्या शेजारी बसून भाकरी खाल्ली होती, दोघांनी आपापली, पण शेजारी. मागून मुंबईकरांपैकी कुणीतरी म्हणालं, "तात्या, वरची घरं राहिल्येत अजून." तात्यांचा हात परत उपरण्याकडे गेला.

"उशीर झाला गो, शेवंता."

"च्या प्यायला किती उशीर लागतो, तात्या?"

पालखी वळली. ढोल पुन्हा वाजायला लागला तो कातळ ओलांडल्यावर. मी अंगणात एकटा उभा होतो आणि काहीतरी करायला हवं म्हणून मी एक कप उचलला आणि प्यालो. मग दुसरा. मग तिसरा. बायका नुसत्या बघत होत्या. "पी," विलास म्हणाला. "समाज तूच ना? मग सगळा तूच पी." काकीनं माझ्या हातातला कप काढून घेतला. "पुरे," ती म्हणाली. "पोट बिघडेल." ते बिघडलंच.

संध्याकाळी तात्यांच्या पडवीत आलो. कोनाड्यात माझा तांब्या होता. बाकीचे सगळे आत, माजघराच्या मांडणीवर. मी त्या तांब्याकडे बघत बसलो. वहिनी भाकरी घेऊन आल्या, मी बघतोय हे त्यांनी बघितलं, आणि त्या माझ्या मानाच्या ताटात भाकरी वरून टाकून आत गेल्या.

शिमगा आवरल्यावर गावकी बसली. दारी आलेल्या देवीची ओटी भरली नाही, म्हणजे अपमान झाला, असं ठरलं. तात्यांना मी दुसऱ्या दिवशी बागेत गाठलं. झऱ्याचं पाणी वाहत होतं आणि ते काजूच्या बोंडांवर पडलेली वाळकी पानं काढत होते. मी नळाचा विषय काढला. "शेवंताला व्हय म्हनलो ते बांधावर," ते म्हणाले. "कुनाला ठावं नव्हता तवर ते चालत होता. आता नळ दिला तर गाव म्हनेल, देवीला नाय म्हनले त्यांला यानं पानी दिलान्. माजा मान काडून घेतील." मी म्हटलं, तात्या, हे अन्यायाचं आहे. "हाय," तात्या म्हणाले. "मी नाय कुठं म्हनतो? पन समाज, तू नसतास तर आज पाईप पडले असते." त्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो.

उरलेले दिवस मी वाडीतल्या बायकांबरोबर पाणी वाहिलं. निम्मी कळशी अंगावर, निम्मी वाटेत. काकीनं दोन दिवस बघितलं आणि सांगितलं, "तू बस. तुज्यासाठी वाट सोडून उभं रावं लागतंय." पाणी वाहण्याच्या कामातही मी अडचणच होतो.

मुंबईला परत गेलो. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांना मी पालखीची गोष्ट सांगितली. ती मी चांगलीच सांगितली. सांगायची कला मला तेव्हाही होती. 'प्रस्थापित श्रद्धाव्यवस्थेत हस्तक्षेप' असे शब्द वापरले. परीक्षक पुढे वाकून ऐकत होते. कर्णिकबाईंनी फक्त एक प्रश्न विचारला, "आणि पाणी?" मी म्हटलं, "ती प्रक्रिया सुरू आहे." बाईंनी मान खाली घातली. मला पहिला वर्ग मिळाला. रत्नागिरीला येऊन अण्णांना सांगितलं. ते ओटीवर पंचा घेऊन बसले होते. "पास झालास? पहिला वर्ग? मग ते गाव नापास झालं असणार," ते म्हणाले. त्यांना काही माहीत नव्हतं, सवयीनं बोलले. मी परसात जाऊन उभा राहिलो.

या शिक्षणावर मी आयुष्यभर पोट भरलं. पुढे स्वतःच समुदाय संघटन शिकवायला लागलो, कर्णिकबाईंचं ते एकच सांगणं माझंच असल्यासारखं सांगितलं. निवृत्त व्हायच्या आधी, शेवटच्या वर्षी, विद्यार्थ्यांनी हट्ट धरला, की सर, तुमचं पहिलं गाव दाखवा. मी टाळलं, टाळलं, आणि मग म्हातारपणी माणसाला जी एक उगाच हिंमत येते ती आली. आता घाटीला काँक्रीट झालंय आणि गाडी थेट वाडीत जाते. तात्या कधीच गेले. बाग विकली, झऱ्याला आता बंगल्याचं कुंपण आहे. वाडीच्या मधोमध एक विहीर आहे, जांभ्यातून आणि त्याखालच्या काळ्या दगडातून खाली खाली गेलेली. कठड्याशी काकी बसली होती. कमरेत पार वाकलेली, पण नजर तीच. तिनं मला ओळखायला वेळ लावला नाही. "समाज," ती म्हणाली, "म्हातारा झालास रे बाबा." आणि हसली. तिच्या मागे एक माणूस दोरी गुंडाळत होता. त्यानं वर बघितलं. एक डोळा माझ्याकडे होता, दुसऱ्याच्या जागी नुसती मिटलेली कातडी. विलास. त्यानं मान हलवली आणि दोरी गुंडाळत राहिला.

मुलांनी काकीभोवती कोंडाळं केलं. एक चुणचुणीत मुलगी पुढे होती, दर वर्षी एक असतेच. तिनं विचारलं, "आजी, सर इथं काम करायला आले होते ना? काय केलं त्यांनी?"

"पालखी आनलीवती."

"आणि मग?"

"मग आमी हीर खनली. वाडीतल्यांनीच. लय सालं लागली. खाली दगड लागला, सुरुंग लावायला लागले. एक उशिरा उडाला, त्यात याचा डोळा गेला." तिनं मान मागे वळवली नाही.

मुलगी हळहळली आणि मग तिचे डोळे चमकले. ते चमकणं मी ओळखतो. "म्हणजे सर," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्या कामातूनच हे लोक स्वतःच्या पायावर उभे राहिले! तुमच्यामुळेच ही विहीर झाली!"

मी तोंड उघडलं. आयुष्यभर कुठल्याही प्रसंगी बोलायला शब्द कमी न पडलेलं तोंड. तेवढ्यात काकीच बोलली.

"व्हय गो बाय," ती म्हणाली. "यांच्यामुळंच."

मुलीनं ते लिहून घेतलं.